नवं गुऱ्हाळ सचोटीनं कसं उभं करावं

दिवाळी झाली की मला असे फोन येऊ लागतात. कुणी नोकरी सोडून गावी आलेला असतो, कुणी बचत गटातल्या ताई असतात, कुणाची आजोबांची जमीन नुकतीच वाटणीत नावावर झालेली असते. म्हणणं सगळ्यांचं एकच : शुद्ध गूळ करून विकायचाय, सुरुवात कुठून करू? बहुतेकांचं नाव ठरलेलं असतं, डब्यावरचं चित्रही काढून झालेलं असतं. मी विचारतो, ऊस कुणाचा घेणार आणि त्याला पैसे किती दिवसांत देणार? तिथं बोलणं अडतं. अशा नव्या लोकांसाठी हे लिहितो आहे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांवर जे पाहिलं, केलं आणि चुकलं, त्यातून सुचलेला हा क्रम आहे.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गुळात खोट शिरते ती बहुतेक वेळा भावातून. भाव परवडेनासा झाला की कुणाच्या तरी ताटातलं काढून घ्यावं लागतं. कधी ऊसवाल्याचा काटा मारला जातो, कधी मजुराचा खाडा धरला जातो, कधी काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) साखर पडते, तर कधी धुवणाचं पाणी ओढ्यात जातं. चांगली माणसंही इथं घसरतात. म्हणून पहिलं काम चुलवाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, बांधण्याचं नाही, हिशेबाचं.

पायरी १ : कागद घ्या आणि भाव काढा

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,५५० रुपये ठरवली. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. गुऱ्हाळाला हा दर बंधनकारक नाही, पण शेतकरी कारखान्याचा दर सोडून तुमच्याकडे का येईल? तेव्हा तोच आकडा धरून चला. चांगल्या घाण्यावर, पक्व उसाच्या टनाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. ११० धरला तर एका किलो गुळात फक्त उसाचेच ३२ रुपयांच्या वर गेले.

यात अजून घाणा फिरलेला नाही. वीज किंवा डिझेल, गुळव्याची (गूळ शिजवणाऱ्या कारागिराची) आणि बाकी माणसांची मजुरी, रस स्वच्छ करायला भेंडी आणि चुना, डबा, कर्जाचा हप्ता, पावसाळ्यातली दुरुस्ती, साठवणीतली घट, लॅबची तपासणी, हे सगळं पुढेच. तुमच्या भागातला उसाचा दर आणि तुमच्या घाण्यावर टनामागं पडणारा गूळ घालून ही बेरीज स्वतः करा. आलेला आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

मग बाजारात जा. कुणी किलोला ३६ रुपयांनी 'एक नंबर शुद्ध' गूळ देतो म्हणाला, तर त्या चार रुपयांत बाकीचं सगळं कसं बसलं, हे त्याला विचारा. आणि तुमच्या गिऱ्हाइकाला तुमचा भाव जास्त वाटला, तर हाच हिशेब त्याच्यापुढे ठेवा. आमच्याकडे आम्ही तो फळ्यावर लिहून गुऱ्हाळाच्या दारात लावतो. लोक थांबून वाचतात.

भिंतीवरच्या आकड्याला गूळ विकला जाईल असं वाटत नसेल, तर काहील विकत घेऊ नका. वर्षभर दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर आपला ऊस गाळून घ्या, थोडा गूळ विका, गिऱ्हाईक जोडा. यात कमीपणा काही नाही.

पायरी २ : ऊसवाल्याशी बोली लेखी करा

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. गुऱ्हाळाला ही सक्ती नाही, आणि म्हणूनच इथं शेतकरी जास्त उघडा पडतो. तुम्ही हा १४ दिवसांचा नियम स्वतःहून लावून घ्या. पहिल्या वर्षी खेळतं भांडवल कमी असेल तर गाळप कमी करा. उधारीच्या उसावर गुऱ्हाळ मोठं करू नका.

एका पानाची बोली पुरते. वजन कुठल्या काट्यावर होणार, दर किती, पैसे कोणत्या तारखेला, तोड कोण करणार, उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा भाग) कोण नेणार. वजनाची पावती त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हातात. काटा तुमचा असेल तर त्याची शासकीय पडताळणी वेळेत करून घ्या आणि शंका आलेल्या शेतकऱ्याला बाहेरच्या काट्यावर वजन करायची मोकळीक द्या. 'काटा मारला' हा शब्द एकदा गावात फिरला की दहा वर्षं पुसला जात नाही.

प्रतीनुसार दर देता आला तर उत्तम. रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं प्रमाण, मोजायचं छोटं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, फार महाग नसतं. शेतकऱ्यासमोर दोन थेंब टाका, आकडा त्यालाच वाचू द्या. पक्व उसाला दोन पैसे जास्त मिळतात हे कळलं की तो पुढच्या वर्षी घाईनं ऊस तोडत नाही.

पाण्याचा आणि पाचटाचा (उसाच्या वाळलेल्या पाल्याचा) विषयही इथंच काढा. ऊस पाणी पितो हे कुणाला सांगायला नको. ठिबकवरचा ऊस घेताना, पाचट न जाळता सरीत कुजवणाऱ्याचा ऊस घेताना दरात थोडा फरक ठेवा. पाचट कुजलं की जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, ओल टिकते आणि खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणाऱ्या पिकाला) त्याचा फायदा दिसतो. उपदेशापेक्षा टनामागं दिलेल्या वीस-तीस रुपयांचा उपयोग जास्त होतो.

पायरी ३ : ऊस कुणी तोडला, हे तुमचंही काम आहे

गुऱ्हाळाला अनेकदा गावातलीच टोळी ऊस तोडते. पण काही ठिकाणी मुकादमामार्फत (टोळी आणणाऱ्या मध्यस्थामार्फत) बाहेरची माणसं येतात. उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेऊन आलेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे हिशेबात एक 'कोयता'. दोघं राबतात आणि मोजणी एकाची होते. बाई आजारी पडली तरी खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. आजारपणाचा खाडा परवडत नाही, ही त्यामागची एक मोठी भीती. गूळ कितीही शुद्ध निघाला तरी ही गोष्ट आपल्या दारातून आत येते, हे मला पहिली दोन वर्षं कळलंच नव्हतं. मी मुकादमाशी बोलायचो आणि काम झालं असं समजायचो.

तुम्हाला काय करता येईल? टोळीशी थेट बोला. बाईची मजुरी बाईच्या हातात किंवा तिच्या खात्यात द्या. फडाजवळ पिण्याचं पाणी, आडोशाचं शौचालय आणि तान्ह्या मुलांसाठी सावली, एवढं तरी पहिल्या दिवसापासून असू द्या. आजारपणाचा खाडा धरायचा नाही, हे बोलीतच लिहा. आणि शाळेच्या वयाचं मूल मोळ्या उचलताना दिसलं तर काम थांबवून बोला. नंतर बघू म्हटलं की ते कायमचं राहून जातं.

पायरी ४ : रंगाचा मोह

इथं जरा थांबून वाचा. बहुतेक नवी माणसं इथंच पडतात.

कोल्हापूरच्या गुळाला जुनी पेठ आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि तेव्हापासून गुळाचा व्यापार इथं वाढला. माल मोठ्या प्रमाणात गुजरातकडे जातो आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो. सौद्यात रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग बघून बोली लागते. पहिल्या हंगामात माझा तांबूस गूळ बघून एका अडत्यानं हातही लावला नाही. त्या रात्री आमचा गुळव्या म्हणाला, "मालक, मूठभर हायड्रॉस टाकू द्या. सगळेच टाकत्यात." मी नाही म्हणालो, पण खरं सांगतो, रात्रभर झोप लागली नाही. घरात उसाच्या बिलाचे पैसे नव्हते.

हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापड आणि कागदाच्या उद्योगात रंग उडवायला ते वापरतात. रसात टाकलं की गूळ पिवळा दिसतो, पण सल्फर डायऑक्साइडचा अंश आत राहतो. दमा असलेल्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. शिवाय तो रंग टिकत नाही, काही आठवड्यांनी गूळ पुन्हा काळवंडतो. म्हणजे फसवणूक सौद्यापुरती होते आणि भोगतो शेवटचा खाणारा.

रंग सरळ मार्गानंही बराच सुधारतो. नत्राचा मारा झालेल्या किंवा खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ काळपट होतो, तेव्हा उसाची निवड आधी. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात जाऊन गुळासाठी वाण कोणते घ्यावेत हे विचारा. को ९२००५ आणि को ८६०३२ ही नावं तिथं हमखास ऐकू येतील. ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळा, कारण शिळ्या उसातली साखर फुटते आणि ढेप नीट बसत नाही. वाढ्याजवळची कोवळी कांडी काढून टाका. रानभेंडीच्या खोडाचा चीक रसात घातला की मळी, म्हणजे रसातला गाळ फेसासकट, वर येते, ती धीरानं काढा. चुना जपून घाला, जास्त झाला की रंग उलटा गडद होतो. तापमान अंदाजानं घेऊ नका. काकवी, म्हणजे पातळ गूळ, १०५-१०६ अंश सेल्सिअसला उतरते आणि ढेपेचा गूळ ११६ ते ११८ ला. जुना गुळव्या पाण्यात गोळी टाकून हे अचूक सांगतो. पण तो रजेवर गेला तर तुमच्याकडे थर्मामीटर हवा.

एवढं करूनही गूळ तांबूसच निघेल. तो तसाच विका आणि का तांबूस आहे ते सांगा.

साखरेचा विषय त्याहून अवघड. साखर स्वस्त झाली की काहिलीत पोती रिकामी होतात, ढेप कडक आणि उजळ बसते. अन्नसुरक्षेच्या मानकात गुळासाठी एकूण शर्करा किमान ९० टक्के, सुक्रोज किमान ६० टक्के आणि घट्ट गुळात ओलावा जास्तीत जास्त १० टक्के असं आहे. आता बघा, साखर मिसळली की सुक्रोज वाढतंच. म्हणजे भेसळीचा गूळ या चाचणीत आरामात पास होतो. लॅबचा कागद इथं पुरत नाही. म्हणून गुऱ्हाळाच्या आवारात साखरेचं पोतं येऊच द्यायचं नाही, मजुरांच्या चहाची साखरसुद्धा घरून डब्यातून आणायची, असा नियम करा. आणि ऊस किती आला, गूळ किती निघाला, याची वही कुणालाही बघायला खुली ठेवा. टनाला १६० किलो गूळ दिसला तर बघणाऱ्याला काय ते कळेल.

पायरी ५ : जाळ, धूर आणि धुवणाचं पाणी

गुऱ्हाळाची खरी देणगी अशी की त्याचं जळण उसातूनच निघतं. चिपाड (रस काढून उरलेला चोथा) नीट वाळवलं तर बाहेरचं जळण लागू नये. पण अवकाळी पाऊस आला, चिपाड भिजलं, की काही ठिकाणी जुने टायर, प्लास्टिक, चपलांचा कचरा चुलवाणात जातो. त्याचा विषारी धूर पहिल्यांदा जाळ घालणाऱ्याच्या छातीत जातो, मग शेजारच्या वस्तीत. यावर उपाय एकच, तोही आधीच करायचा : आठ दिवसांचं वाळलेलं चिपाड झाकून ठेवायला शेड. भांडवल कमी असेल तर डब्यावरचं चित्र पुढच्या वर्षी काढा, शेड यंदा बांधा.

चुलवाण बांधताना मुख्य काहिलीमागून जाणाऱ्या गरम हवेवर दुसरी काहील बसवून घ्या. पुढच्या आदणाचा (एका वेळी काहिलीत शिजणाऱ्या घाईचा) रस तिथं आधीच तापतो आणि जळण वाचतं. धुराडं उंच ठेवा, वस्तीकडचा वारा बघा.

राख शेतात जाते. मळी शेणखताच्या खड्ड्यात घाला, किंवा ताजी असेल तर जनावरांना बेतानं द्या. काहिली धुतलेलं पाणी मात्र लोक सर्रास ओढ्यात सोडतात. त्यात साखर असते, ती सडते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. मासे मरतात, वास सुटतो. दोन खड्डे काढा, पाणी एकातून दुसऱ्यात निवळू द्या आणि मग बांधावरच्या झाडांना सोडा.

पायरी ६ : काहिलीभोवतीची माणसं

आमच्याकडे एकदा आदण वाफ्यात (गूळ निववायच्या पसरट जागेत) ओतताना एकाच्या पायावर गूळ सांडला. उकळता गूळ पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून राहतो. कुणी हळद आणायला धावलं, कुणी पेस्ट. त्या दिवशी वाहत्या पाण्याचा नळ जवळ नव्हता, ही माझी चूक. भाजलेल्या जागेवर पंधरा-वीस मिनिटं साधं वाहतं पाणी आणि मग दवाखाना, एवढंच करायचं असतं. बर्फ नको, हळद नको. आता काहिलीपासून पाच पावलांवर नळ आहे आणि ओतणाऱ्याच्या पायात बूट आहेत.

घाण्याचा धोका त्याहून मोठा. लाटांत (ऊस पिळणाऱ्या लोखंडी रुळांत) ऊस सारताना हात जातो, उपरणं किंवा पदर अडकतो. लाटांपुढे लांब घसरण बसवा, म्हणजे हात पोचणारच नाही. पट्ट्यावर जाळी हवी. बंद करायचं बटण ऊस सारणाऱ्याच्या हाताशी हवं, मोटरीच्या खोलीत नव्हे. रात्रपाळीत तिसऱ्या-चौथ्या आदणाला डोळे मिटू लागतात आणि अपघात तेव्हाच होतात, म्हणून माणूस बदला. जास्त गूळ काढायच्या नादात तोच माणूस सोळा तास उभा करू नका.

मजुरी आदणावर ठरते. ती ठरवताना सगळ्यांसमोर बोला आणि वहीत लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि कामगाराला नियुक्तीपत्र देणं त्यात आलं आहे. साध्या मराठीतलं अर्धं पान पुरे : काम, मजुरी, तास, सुट्टी. प्रत्येकाची ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी यादीत, नोंदणी करून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं, वय १८ ते ७० चालतं. हा हप्ता मालकानं भरावा. वीस रुपयांवरून मागं हटणाऱ्या मालकाला मी गुऱ्हाळ काढू नकोस असंच सांगेन.

पॅकिंगला बायका असतील तर लैंगिक छळाची तक्रार कुठं करायची ते त्यांना माहीत हवं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिचा पत्ता भिंतीवर लावा.

पायरी ७ : डब्यावर तेवढंच, जेवढं खरं

अन्नसुरक्षेचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याचा महिना, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीचा फोन, शाकाहाराची हिरवी खूण वगैरे, हे झालं कायद्याचं. तेवढं निमूट करून टाका. जास्त काळजी शब्दांची घ्या.

'रसायनविरहित' आणि 'सेंद्रिय' हे दोन शब्द लोक एकाच अर्थानं वापरतात. गूळ करताना काही टाकलं नाही, म्हणून युरियावरचा ऊस सेंद्रिय होत नाही. 'सेंद्रिय' छापायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनांचं प्रमाणन घ्या. तोवर 'गूळ करताना भेंडी आणि चुना यांखेरीज काही वापरलेलं नाही' असं लिहा. हे वाक्य लांब आहे, पण खरं आहे. रस उतू जाऊ नये म्हणून काहिलीत शेंगदाण्याचं तेल टाकत असाल तर तेही डब्यावर हवं, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल तो गूळ खाऊ शकतं.

'मधुमेहींना चालतो', 'रक्त शुद्ध करतो' असलं काही लिहू नका. गूळ ही साखरच आहे, चवीची आणि थोड्या खनिजांची. माझ्या घरात मधुमेह आहे. अशा जाहिरातीवर विश्वास ठेवून माणूस रोज खडा तोंडात टाकतो, हे मी पाहिलंय.

'कोल्हापुरी गूळ' या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाची खूण वापरायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. बाहेरच्या जिल्ह्यात गूळ करत असाल तर आपल्या गावाचं नाव लावा, तेही कालांतरानं चालतं.

बांधणीबद्दल मी अजून शिकतोच आहे. नुसत्या कागदात गूळ पावसाळ्यात पाझरतो आणि वाया गेलेला गूळ हाही कचराच. सध्या आम्ही काकवी काचेच्या बाटलीत देतो आणि रिकामी बाटली परत आणली तर दहा रुपये वजा करतो. गूळ मोठ्या डब्यातून सुटा देतो, गिऱ्हाईक आपलं भांडं आणतं. लांबच्या गावाला पाठवताना प्लास्टिकचं अस्तर वापरावं लागतं, ते लपवत नाही.

प्रत्येक आदणाला क्रमांक द्या. वहीत एका ओळीत तारीख, ऊस कुणाचा, तोडणारी टोळी, गुळव्या, गूळ किती. तोच क्रमांक डब्यावर. कुणी गुळात खडा निघाल्याचं कळवलं, तर त्या आदणाचा उरलेला सगळा माल मागं घ्या, पैसे परत द्या आणि बाकी गिऱ्हाइकांना तुम्हीच फोन करा. एकदा आम्हाला ४० किलो गूळ असा परत घ्यावा लागला. वितळवून, गाळून तो जनावरांच्या खाद्याला दिला. विकला नाही.

हंगाम संपल्यावर

एप्रिलमध्ये चुलवाण थंड झालं की वही घेऊन बसा. कुणाचं येणं राहिलंय, कुणाचं देणं राहिलंय. देणं आधी फेडा, अगदी टोळीतल्या शेवटच्या माणसाच्या शंभर रुपयांपर्यंत. घसरण, जाळी आणि नळ तपासा. माती परीक्षणाला ऊसवाल्यांना सोबत घेऊन जा. आणि पहिला पाऊस पडला की बांधावर भेंडी टोका, म्हणजे हंगामात मळी काढायला बाहेरून काही आणावं लागणार नाही.